पट्टी कोण भरतं?

अलाबामात रस्त्याच्या कडेला उकडलेल्या शेंगा विकायला असतात. मोठ्या पातेल्यात भरपूर मीठ घालून तासन् तास शिजवलेल्या, गरम, टरफलाच्या आत खारट पाणी साठलेल्या. लेकीकडे ऑबर्नला राहायला गेले तेव्हा त्या मुलखात ओळखीचं असं पहिलं काही भेटलं ते हेच. तिथल्या लोकांची समजूत अशी की हे खाणं जगात फक्त त्यांच्याकडे आहे. मी शेंग चिमटीत फोडून दाणे आणि पाणी एकदम तोंडात टाकलं, तेव्हा विकणाऱ्या बाई हातातला डाव बाजूला ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या.

शेंगा आणि अलाबामा हे दोन शब्द जवळ आले की मराठी वाचकाला पुढचं नाव सांगावं लागत नाही. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ 1981 साली आलं, आणि तेव्हापासून किती शाळांच्या बक्षीस समारंभांत ते वाटलं गेलं असेल! टस्कीगी ऑबर्नपासून गाडीने अर्ध्या तासावर. तिथे जाणं म्हणजे मला देहू-आळंदीला जाण्यासारखंच होतं. 1896 साली कार्व्हर तिथे आले आणि 1943 च्या जानेवारीत वारले तोवर तिथेच राहिले. तिथली शाळा उभारणाऱ्या बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या शेजारी त्यांना पुरलं आहे.

तिथलं कार्व्हरचं संग्रहालय पाहून झाल्यावर माझ्या मनात शेंगदाण्याचे शेकडो पदार्थ राहिले नाहीत. राहिली ती गाडी. 1906 साली कार्व्हरनी एक घोडागाडी तयार करून घेतली. तिच्यात अवजारं आणि बियाणं भरायचं आणि ती गावोगाव न्यायची, कारण ज्यांना शिकवायचं त्यांना शेत सोडून शाळेत येणं शक्य नव्हतं. कापसामागून कापूस घेऊन जमिनी चिपाडासारख्या झालेल्या. चवळी पेरा, रताळी लावा, शेंगा लावा, विकतच्या खतापेक्षा रानातला पालापाचोळा आणि दलदलीतली काळी माती शेतात टाका, असं ते सांगत. पुस्तक वाचताना ते शेत माझ्या डोळ्यांपुढे असायचं. त्या शेताचा मालक कोण, हा प्रश्न पडायचा नाही. ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण अर्धेलीने दुसऱ्याची जमीन कसणारे होते. सुधारलेली माती पुढच्या वर्षी आपल्याकडे राहील की नाही हेही त्यांना ठाऊक नसायचं. तरी त्यांनी पाला वाहून टाकला, याचं मला आता जास्त नवल वाटतं.

शेंगावाल्या बाईंशी पुढे ओळख वाढली. सत्तरी ओलांडलेल्या, पूर्वी शाळेची बस चालवायच्या. लेक तिथल्या रीतीप्रमाणे त्यांच्या नावाआधी ‘मिस’ लावून हाक मारते; त्या तिलाही ‘बेबी’ म्हणतात आणि मलाही. मी मनातल्या मनात त्यांना मावशी म्हणायचे, इथेही तेच म्हणते.

मावशींचं घर गावाबाहेर आहे. माती तांबडी, अगदी आमच्या राजापूरकडची वाटावी अशी. पाऊस पडून गेला की चपलेला तीच लगदी चिकटते. दारात बकाण निंब. हे झाड आशियातून तिकडे गेलं आणि दक्षिणेतल्या गरिबांच्या अंगणांत सावलीसाठी रुजलं. घरापुढचा एक तुकडा मावशींनी झाडून लख्ख ठेवलेला. त्यांच्या आजीच्या काळी साऱ्या काळ्या वस्त्यांत अशीच अंगणं असत. गवताची काडी उभी राहू द्यायची नाही, फांद्यांच्या खराट्याने रोज झाडायचं. साप आला तर दिसावा, आणि रान पेटलं तर आग घरापर्यंत येऊ नये. आता सगळीकडे हिरवळ आणि ती कापायची यंत्रं. मावशी म्हणाल्या, “हिरवळ म्हणजे काय, पाहुण्यांना दाखवायचं गवत.” आमच्या आईनं खळ्यात उगवलेल्या गवताबद्दल हेच म्हटलं असतं, फक्त शब्द जरा तिखट असते.

घरामागे पेकनची झाडं, त्यापलीकडे पाइनचं रान, आणि रानाच्या कडेला घरच्यांची थडगी. ही सगळी जमीन मावशींच्या आजोबांनी विकत घेतलेली. ती कशी, हे त्या दर वेळी थोडं वेगळं सांगतात. कधी दुसऱ्याचा कापूस वेचून, कधी लाकडाच्या गिरणीत राबून. खरं बहुधा दोन्ही असावं.

विकत घेतलेली, हे त्या ठासून सांगतात. त्यामागे इतिहास आहे. यादवी युद्ध संपत आलेलं असताना, 16 जानेवारी 1865 ला, जनरल शर्मनने हुकूम काढला. साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनपासून फ्लोरिडापर्यंतची किनारपट्टीची जमीन मुक्त झालेल्या गुलामांना कुटुंबामागे 40 एकरांपर्यंत द्यायची. सुमारे 40,000 माणसं त्या जमिनींवर बसलीसुद्धा. एप्रिलमध्ये लिंकनची हत्या झाली, जॉन्सन अध्यक्ष झाले आणि वर्ष संपण्याआधी त्या जमिनी जुन्या मळेवाल्यांना परत देण्याचं ठरलं. अलाबामा तर त्या हुकुमात नव्हताच. मग जे काही मिळवलं ते पैसा पैसा साठवून. 1910 च्या सुमारास काळ्या लोकांच्या मालकीची दीड कोटी एकरांच्या आसपास जमीन होती. गुलामगिरी संपून पन्नास वर्षंही झाली नव्हती, हे लक्षात घेतलं तर हा आकडा केवढा मोठा आहे!

मी मावशींना आमचा कूळकायदा सांगितला. 1948 चा कायदा, मग 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन, कसेल त्याची जमीन. आमच्याही कुळांकडे जमिनी गेल्या आणि आजी त्यावरून शेवटपर्यंत कुरकुरत राहिली, हेही सांगितलं. मला वाटलं त्या आजीबद्दल सहानुभूती दाखवतील. पण त्यांना आनंद झाला तो कुळांचा. “म्हणजे सरकारनं शब्द पाळला? आणि जमीन खरंच दिली?” असं त्यांनी दोनदा विचारलं. आमच्या घरात त्या कायद्याकडे कुणी असं पाहिल्याचं मला आठवत नाही.

मावशींच्या आजोबांनी मृत्युपत्र केलं नाही. कचेरीत जायचं म्हणजे गोऱ्या कारकुनापुढे उभं राहायचं आणि वकिलाला पैसे द्यायचे, आणि दोघांवरही विश्वास नाही. शिवाय एक समजूत अशी की कागदावर कुणा एकाचं नाव आलं तर तो विकून टाकेल; सगळ्यांची राहिली तर कुणालाच विकता येणार नाही. आजोबा गेले, जमीन सगळ्या मुलांची झाली. मुलं गेली, नातवंडांची झाली. मधल्या काळात माणसं उत्तरेला पांगली. 1910 ते 1970 या साठ वर्षांत साठेक लाख काळी माणसं दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, क्लीव्हलंडकडे गेली. मावशींची चुलत भावंडं डेट्रॉइटला, त्यांची मुलं आणखी कुठे कुठे. जमिनीत वाटा सगळ्यांचा, आणि कुणाचा कुठला कोपरा हे ठरलेलं नाही.

कोकणातल्या माणसाला यातलं काहीही समजावून सांगायला नको. सातबाऱ्यावर नावांची रांग, त्यातली अर्धी माणसं कैलासवासी, उरलेली परळ-डोंबिवलीला, एक बोरिवलीहून थेट दुबईला. वारस नोंद राहिलेली. मुलींची नावं लागली की कुणीतरी हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन येतो. कलम 85 चं वाटप करून घेऊ, असं दर गणपतीत ठरतं आणि विसर्जनाबरोबर विसर्जित होतं. पण आपल्याकडे सामाईक जमीन बहुतेक वेळा नुसती पडून राहते. तिकडे ती जाते.

जाते ती अशी. एखाद्या दूरच्या वारसाला, ज्यानं ती जमीन पाहिलेलीही नसते, कुणीतरी गाठतं. तुझा एवढासा वाटा आम्हाला दे, हे रोख पैसे घे. तो देतो. आता विकत घेणारा परका माणूस सहहिस्सेदार झाला. तो कोर्टात वाटपाचा दावा लावतो. इतक्या वारसांत जमीन प्रत्यक्ष वाटता येत नाही असं कोर्टाला वाटलं की सगळी जमीनच लिलावात काढायचा हुकूम होतो. तिथे राहणाऱ्यांकडे रोख रक्कम नसते, लिलावात बोली लावणारे थोडे, किंमत पडते. नॉर्थ कॅरोलिनातले दोन भाऊ अशाच वादात घरं सोडायला तयार झाले नाहीत, म्हणून 2011 ते 2019 अशी आठ वर्षं तुरुंगात होते. समुद्रकाठची जमीन होती, आणि तिच्यावर बांधकामवाल्यांचा डोळा होता. यावर 2010 मध्ये एक नमुना कायदा तयार झाला आणि अलाबामाने तो 2014 साली स्वीकारला. आता आधी कोर्टानं किंमत ठरवायची, घरच्यांना वाटा विकत घ्यायची संधी द्यायची, आणि जमिनीशी असलेलं नातंही मोजायचं. कायदा चांगला आहे. पण त्याचा उपयोग करायचा तर निदान वारस किती आणि कोण, हे तरी कुणाला माहीत हवं.

1920 साली अमेरिकेत काळे शेतकरी सव्वानऊ लाख होते. आता पन्नास हजारांच्याही आत आहेत. सगळं अशा लिलावांमुळे झालं असं नाही. बोंडकिडा आला, कर्ज नाकारलं गेलं, दहशत होती, शहरात पगार होता. तरी कागद नीट नसणं हे एक मोठं भोक होतं, आणि ते घरच्यांनी प्रेमापोटी ठेवलेलं होतं.

मातीच्या ओढीवर लिहिणाऱ्यांचा मला अलीकडे कंटाळा येऊ लागला आहे. ओढ गावाबाहेर राहणाऱ्यांना फार असते. जमीन ओढीनं टिकत नाही. ती टिकते कंटाळवाण्या कामांनी, आणि ती कामं बहुधा एकाच माणसाच्या गळ्यात पडतात. मावशींकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात जमिनीच्या कराच्या पावत्या. तिकडे कर 1 ऑक्टोबरला देय होतो आणि डिसेंबर संपेपर्यंत भरला नाही तर थकबाकी. थकबाकी राहिली तर जमीन त्यासाठीही विकली जाऊ शकते. मावशींच्या आधी त्यांची आई भरायची. डेट्रॉइटवाल्यांना जमिनीचा फार अभिमान. उन्हाळ्यात सगळं गोत जमतं तेव्हा ते सारखे टीशर्ट शिवून आणतात, त्यावर आजोबांचं नाव. करात वाटा द्यायचं मात्र एखाद्यालाच सुचतं.

रानाचंही असंच आहे, हे मला फेब्रुवारीच्या शेवटी कळलं. मावशींचा फोन आला, उद्या रान जाळणार आहोत, बघायला या. माझ्या पोटात गोळाच आला. कोकणात भाजावळ करतात ती तरव्याच्या तुकड्यापुरती; रान पेटलं म्हणजे वणवा, आणि वणवा म्हणजे आंब्या-काजूची मेहनत एका दुपारी खलास. जाणूनबुजून झाडांच्या पायात आग लावायची?

पण ते लाँगलीफ पाइनचं रान होतं, आणि त्या झाडाची तऱ्हाच वेगळी. कधीकाळी व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत 9 कोटी एकरांवर हे रान पसरलेलं होतं. ते घटत घटत तीन टक्क्यांच्या आसपास उरलं. तोड झाली, राळेसाठी खोडं खरवडली गेली, डुकरांनी रोपं खाल्ली. आणि जे उरलं ते आग बंद केल्यामुळे गेलं. या रानाला दर दोन-तीन वर्षांनी आग लागते. पूर्वी विजेनं लागायची, तिथले मूळ रहिवासीही लावत. मोठ्या झाडांची साल जाड, तिला जमिनीलगतच्या जाळाचं काही वाटत नाही. रोप तर नुसतं गवताचं झुबकं दिसतं. काही वर्षं ते वर वाढतच नाही, खाली मूळ सोडत राहतं, आणि मधला कोंब लांब सुयांच्या दाट झुबक्यात लपवून ठेवतं. जाळ येतो, सुया करपतात, कोंब वाचतो. आग लागलीच नाही तर ओक आणि झुडपं माजतात, जमिनीवर सुयांचा थर बसतो, बी मातीपर्यंत पोचत नाही. विसाव्या शतकात सरकारनं आग म्हणजे शत्रू असा प्रचार करकरून खेड्यातल्या लोकांची ही सवय मोडली, आणि आता तेच सरकार त्यांना पुन्हा जाळायला शिकवतं आहे. सरकारं सगळीकडची सारखीच.

मावशींच्या भाच्यानं वनखात्याचा परवाना काढला होता. रानाभोवती ट्रॅक्टरनं माती उघडी करून पट्टा काढलेला. वारा कुठला, हवेत ओल किती, याची चर्चा सकाळभर चालली; प्रत्यक्ष जाळणं त्या मानानं थोडकंच. हातात नळीचं डबडं, त्याच्या तोंडातून पेटतं तेल ठिबकत जातं. आधी वाऱ्याच्या उलट दिशेनं हळू सरकणारी आग लावली, ती जळून काळा पट्टा झाल्यावर मग पुढची. जाळ गुडघाभर. पुढे सरकत गेला, मागे काळी जमीन आणि उभी झाडं. पाखरं धुराच्या कडेला किडे टिपायला आली होती. मावशी खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि भाच्याला ओरडून सूचना देत होत्या, त्यातली एकही त्यानं ऐकली नाही.

रस्त्यापलीकडच्या जमिनीवर मात्र कुणी नाही. घर पडलं, विटांची धुरांडी तेवढी उभी. अशा जागा त्या दिवसांत लांबून ओळखू येतात, कारण कुणीतरी पायरीशी लावलेली डॅफोडिल्स अजून दर वर्षी रांगेत फुलतात. बाकी सगळं कुडझूच्या पोटात. हा वेल 1876 साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात जपाननं मांडला. पुढे 1930 नंतर, कापसानं धुपलेल्या जमिनी सावरायला म्हणून सरकारनं शेतकऱ्यांना एकरी आठ डॉलरपर्यंत देऊन तो लाववला. आता झाडं, खांब, पडकी घरं सगळं पांघरतो. त्या जमिनीचेही वारस असतील, कुठेतरी.

त्या संध्याकाळी मावशींनी चवळीची उसळ, मक्याचा पाव आणि भेंडी असं जेवायला वाढलं. चवळी आणि भेंडी दोन्ही आफ्रिकेतून आलेली, गुलामांबरोबर, हे त्यांनी मला सांगितलं. चवळीला त्यांच्याकडे 1 जानेवारीचा मान; वर्षाच्या पहिल्या दिवशी खाल्ली की वर्षभर पैसा येतो म्हणे. “अजून वाट बघतेय,” असं म्हणत त्यांनी मला आणखी वाढलं. एका वकील संस्थेच्या मदतीनं त्यांनी वंशावळ करायला घेतली आहे. भिंतीवर मोठा कागद लावला आहे, त्यावर नावं, रेघा, काही ठिकाणी फक्त प्रश्नचिन्हं. एका काकांच्या दोन संसारांची गोष्ट त्या कागदामुळेच बाहेर आली, आणि दोन बहिणींनी एकमेकींशी बोलणं टाकलं. या वर्षीच्या मेळाव्यात टीशर्टऐवजी सह्यांचे फॉर्म वाटायचे, असं त्यांनी ठरवलं आहे. कोण रागावेल याची यादी त्यांच्याकडे तयार होती.

मग त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे पट्टी कोण भरतं?”

मी म्हटलं, वहिनी. चुलतभावाची बायको, तीच गावात राहते.

“आणि तुम्ही तिला काय पाठवता?”

पेढे, मी म्हटलं. गणपतीला जाताना नेतो. मावशींनी ‘हं’ म्हटलं आणि भेंडी पुढे सरकवली.

घरी आल्यावर मी वहिनीला फोन केला. तिकडे सकाळ होती, ती चुलीवर पाणी ठेवत होती. घरपट्टी किती, शेतसारा किती, असं विचारल्यावर आधी तिला वाटलं की मी वाटा मागायला निघाले आहे. ते मिटवायला बराच वेळ गेला. शेवटी म्हणाली, हिशोब लिहून पाठवते. दोन दिवसांनी घरच्या ग्रुपवर वहीच्या पानाचा फोटो आला. घरपट्टी, सारा, कौलं बदलली, माकडांनी फोडलेली पन्हळ, बागेभोवतीचं गवत काढायला गडी, त्यांचं जेवण. सारा अगदीच किरकोळ होता. गवत काढण्याची मजुरी त्याच्या कितीतरी पट. बेरीज तिनं केली नव्हती.

ग्रुपवर आमची बरीच मंडळी आहे. बहुतेकांनी वर केलेला अंगठा टाकला. एकानं गावच्या घराचा जुना फोटो टाकून ‘आठवणी’ असं लिहिलं, त्याला बदाम आले. दोघांनी वहिनीचा खाते क्रमांक विचारला. त्यातला एक दुबईचा निघाला, ज्याचं नाव अजून सातबाऱ्यावर चढलेलंच नाही.